पाणी असं चढत नाही!

आमच्याकडे बोर्ड नव्हता. बोर्ड म्हणजे शाळेतला फळा नव्हे. पत्त्याच्या पानाहून थोडी लहान अशी निळी पट्टी असते, तिच्यावर एक काळी चिप आणि कडेने तारा खोचायची भोके. आर्डुइनो यूनो म्हणतात तिला. तसा आमचा एक बोर्ड होता. पण तो होता धाकट्याच्या वर्कशॉपमध्ये, टेबलाच्या खणात, आणि वर्कशॉपला कुलूप. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागलेला. पुण्यातली तपकीर गल्ली, जिथे असले सामान मिळते, ती पूर्ण बंद. ऑनलाइन मागवावे तर फक्त जीवनावश्यक वस्तू मिळत होत्या. बोर्ड हा काही जीवनावश्यक नव्हता. त्या एप्रिलमध्ये आमच्या घराला मात्र तो तांदळाइतकाच लागत होता.

त्याचे कारण आमचे आबा. आबा एका सोसायटीत पंपावर होते. चार मजले, सोळा फ्लॅट, खाली हौद, गच्चीवर आठ हजार लिटरची टाकी. आमच्या शहरात २०१९ च्या अखेरीपासून पाणी एक दिवसाआड. त्यामुळे नळाला पाणी कधी येते, हौद किती भरतो, वर किती चढवायचे आणि खाली किती राखायचे, हा हिशेब आबांच्या डोक्यात. पहाटे चारला निघायचे, तीन किलोमीटर चालत जायचे, मोटर लावायची, बंद करायची, संध्याकाळी पुन्हा तेच. अकरा वर्षे हे चालले होते. पगार साडेसात हजार.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सोसायटीचा फोन आला. वस्तीतून रोज ये-जा नको, तूर्त घरीच राहा, मोटर आम्ही आळीपाळीने लावू. पगाराचे पुढे बघू. आबा काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी कोणीतरी मोटर लावली आणि डोळा लागला. हौद रिकामा झाला, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. रिवाइंडिंगवाला घरी बसलेला. दोन दिवस सोळा घरांना टँकर. मग दुसरा फोन : लॉकडाऊन उठला की ऑटोमॅटिक पॅनल बसवून घेणार, म्हणजे माणसाची कटकटच नको.

तेव्हा आबा फोनवर म्हणाले, "साहेब, पॅनल आमची पोरंच करून देतील. मला देखभालीला ठेवा म्हणजे झालं."

फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही दोघे भावंडे एकमेकांकडे पाहत होतो. थोरली इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा, एका छोट्या युनिटमध्ये बोर्ड तपासायचे काम करणारी. धाकटा आयटीआय इलेक्ट्रिशियन, पॅनल वायरिंगच्या वर्कशॉपमध्ये. आबांनी शब्द देऊन टाकला होता. आमच्याजवळ काय होते? २०१७ साली सहा हजाराला घेतलेला सेकंडहँड पीसी, मोबाइलचा दीड जीबीचा रोजचा नेट आणि रिकामा वेळ. बोर्ड नाही, फ्लोट नाही, रिले नाही, मोटर तर जळालेलीच.

वाचकहो, आता थोडे समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला लहानसा संगणक. वॉशिंग मशीनमध्ये असतो, लिफ्टमध्ये असतो, दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही असतो. यूनोवरच्या चिपचे नाव एटीमेगा ३२८पी. तिच्यात प्रोग्राम ठेवायला ३२ किलोबाइट जागा आणि चालू हिशेबाला फक्त २ किलोबाइट. एवढ्यात एखादा जुना फोटोसुद्धा मावायचा नाही. पण पंप चालवायला ती भरपूर होते. सगळे शिकणारे काय करतात, तर प्रोग्राम लिहायचा, केबलने बोर्डात उतरवायचा, दिवा लागतो का पाहायचे. नाही लागला की पुन्हा लिहायचा. आम्हीही तसेच शिकलो होतो. दिवा पाहून शिकलेल्या माणसाकडून दिवाच काढून घेतला तर त्याने चूक कशी शोधायची?

थोरलीला एक गोष्ट सुचली. आपल्या प्रोग्रामचे दोन भाग असतात. एक डोके आणि दुसरे हातपाय. "टाकी खाली गेली, हौदात पाणी आहे, मग मोटर लाव" हे डोके. अमुक पायावर व्होल्टेज आहे का वाच, तमुक पायावर रिले ओढ, हे हातपाय. डोके साध्या सी भाषेत लिहिलेले असते, ते कुठल्याही संगणकावर चालते. हातपायांपुरतीच चिप लागते. तर मग डोके पीसीवर चालवू, आणि ते जेव्हा विचारील "वरचा फ्लोट वर आहे का?", तेव्हा उत्तर आपणच देऊ.

उत्तर देणारे म्हणून आम्ही एक खोटी टाकी लिहिली. टाकी म्हणजे काय, एक आकडा. मोटर चालू असली तर सेकंदाला दोन लिटर वाढवायचे, नळ चालू असले तर कमी करायचे. घड्याळही आमचेच, खोटे. प्रोग्रामने वेळ विचारली की आम्ही म्हणू ती वेळ. त्यामुळे आठ हजार लिटरची टाकी भरायला सोसायटीत तासाहून जास्त लागतो, ती आमच्या पीसीवर डोळ्याची पापणी लवायच्या आत भरायची. कंपायलर जीसीसी, तो फुकट मिळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली पहिल्यांदा लोकांना दिला, तेव्हापासून तो सर्वांना खुला आहे. आमच्यासारख्यांच्या घरात हे सगळे होऊ शकले त्याला हे मोठे कारण आहे. पैसे भरून घ्यायची वेळ आली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पहिल्या रात्री अकरा वाजता आमची टाकी पडद्यावर भरू लागली. टाकी खाली गेली की मोटर चालू, भरली की बंद. आम्ही खुशीत आबांना उठवले. ते खाटेवरून उठून पीसीसमोर बसले. पडद्यावर आकडे सरकत होते : ४०००, ४००२, ४००४. आबांनी दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाले,

"पाणी असं चढत नाही."

"म्हणजे काय आबा? सेकंदाला दोन लिटर बरोबर धरलंय आम्ही."

"लिटर बरोबर असतील. पण हे पाणी मेल्यासारखं चढतंय. वरून पाइपातून धार पडती ना टाकीत, पाणी नाचतं. तो फ्लोट वर-खाली वर-खाली करत राहतो. तुमचं यंत्र त्याला काय समजेल?"

आम्ही खोट्या टाकीत लाटा घातल्या. म्हणजे पातळीच्या आकड्यात थोडी वर-खाली भर टाकली. आणि काय पाहतो! पाणी फ्लोटच्या रेषेपाशी आले की आमचा प्रोग्राम मोटर एका मिनिटात अकरा वेळा चालू-बंद करत होता. धाकट्याने कपाळावर हात मारला. मोटर सुरू होताना किती करंट ओढते हे तो रोज पाहतो. खऱ्या पॅनलवर असे झाले असते तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले असते, नाही तर मोटरच गेली असती. मग आम्ही दोन फ्लोट धरले, एक खालचा, एक वरचा. खालचा सुटला तरच चालू करायची, वरचा भिजला तरच बंद करायची. तेही फ्लोट सलग पाच सेकंद एकच गोष्ट सांगत असेल तरच ऐकायचे. आणि एकदा बंद केलेली मोटर तीन मिनिटे पुन्हा लावायची नाही.

त्या रात्रीपासून आबा आमच्यामागे खुर्ची टाकून बसू लागले. पीसी त्यांनी त्याआधी कधी हाताळला नव्हता. पण प्रश्न असे विचारायचे की आमच्या कॉलेजातल्या तोंडी परीक्षेत कोणी विचारले नाहीत.

"लाइट गेली तर?"

"मोटर बंद पडेल, लाइट आली की पुन्हा चालू."

"लाइट आल्या आल्या? तेव्हा व्होल्टेज किती असतं ठाव आहे का? सगळ्या एरियाच्या मोटरी एकदम उठत्यात. मी दहा मिनिटं थांबतो."

आम्ही ते लिहिले. मग खोट्या दुनियेत लाइट घालवायची सोय केली. कुठल्याही क्षणी, मोटर चालू असताना, बंद होत असताना, प्रोग्राम मध्येच मारायचा आणि शून्यापासून उठवायचा. उठल्यावर त्याने काय करायचे? आधीचे काही आठवत नसते, कारण ते दोन किलोबाइट लाइटबरोबर पुसले जातात. म्हणून उठल्यावर पहिले काम मोटर बंद ठेवणे, दहा मिनिटे थांबणे, मग फ्लोट पाहणे.

"हौदात पाणी आहे, मोटर फिरतीय, आणि वर थेंब जात नाही, तर?"

असे कसे होईल, आम्ही विचारले. आबा हसले. फूट व्हॉल्व्ह गळका असला की रात्रीत पाइप रिकामा होतो, मोटर हवा ओढते. फिरते जोरात, पण पाणी उचलत नाही. त्यांना ते आवाजावरून कळायचे. हौदात पाणी असूनही मोटर कोरडीच. तेव्हा आम्हाला कळले की फक्त हौदाचा फ्लोट पाहून मोटर वाचत नाही. वर जाणाऱ्या पाइपात पाणी वाहते की नाही हे सांगणारा फ्लो स्विच हवा. मोटर लावल्यापासून एक मिनिटात पाणी वाहिले नाही तर मोटर बंद आणि लाल दिवा.

यात आईनेही भर टाकली. ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आपल्या नळाला पाणी येतं त्याआधी हवाच येते फुसफुस करत. मीटरचा काटा तेव्हाही फिरतो. तुमचा तो स्विच हवेला पाणी म्हणाला तर?" म्हणून फ्लो स्विचलाही पाच सेकंदांची अट आली.

अशी एकेक अट म्हणजे एक चाचणी. आम्ही त्यांना नंबर दिले. सात नंबर : सकाळी सातला सोळाही घरांचे नळ चालू आणि मोटरही चालू. बारा नंबर : टाकी भरत असताना लाइट दोनदा जाते. एकोणीस नंबर : फ्लोटची तार तुटली. एकवीस नंबर : मोटर हवा ओढते. ही सगळी खोटी दुनिया ज्या फाइलमध्ये होती, तिला आम्ही नाव दिले 'आबा.' पडद्यावर ते इंग्रजी अक्षरांत होते, म्हणून आबांना पत्ता नव्हता. बोर्ड नसला की त्याच्या जागी जे काही उभे करायचे ते तुम्हालाच लिहावे लागते, आणि आम्हाला टाकी फक्त पुस्तकातली माहीत होती. प्रोग्राम आमचा असला तरी टाकी आबांची होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात सत्तावीसच्या सत्तावीस चाचण्या पास झाल्या. आम्ही आबांना सांगितले, झाले. आबांनी सोसायटीला फोन केला.

पण थोरलीचे मन खात होते. तिच्या युनिटमध्ये एक बोलणे नेहमीचे आहे : आपल्या टेबलावर पास, पार्टीकडे फेल. ती म्हणाली, आपण प्रोग्राम तपासला तो पीसीच्या पोटात. पीसीचा कंपायलर त्याला पीसीच्या भाषेत उतरवतो. चिपची भाषा वेगळी. चिपमध्ये जे उतरणार ते आपण अजून पाहिलेलेच नाही.

त्यासाठी सिमएव्हीआर नावाचा दुसरा फुकट प्रोग्राम आहे. तो पीसीवर खोटी चिपच उभी करतो. चिपसाठी कंपाइल केलेली जी फाइल बोर्डात जायची, तीच त्याला द्यायची. तो चिपसारखी एकेक सूचना वाचून पाळतो. पण हे काम हळू चालते. आधीच्या पद्धतीत महिना क्षणात सरायचा. इथे आमच्या म्हाताऱ्या पीसीला चिपचा एक मिनिट चालवायला मिनिटापेक्षाही जास्त वेळ लागायचा. 'आबा' फाइल या खोट्या चिपच्या पायांना जोडायला आमचे तीन दिवस गेले. मग एकेक चाचणी लावून आम्ही चहा प्यायला बसायचो.

एकवीस नंबर फेल झाली.

मोटर हवा ओढते आहे, एक मिनिट झाला, मोटर बंद व्हायला हवी. झाली नाही. दोन मिनिटे, पाच मिनिटे, नाहीच. तीच चाचणी पीसीवर पुन्हा लावली, पास. खोट्या चिपवर लावली, फेल. एकच प्रोग्राम, एकच टाकी, दोन उत्तरे. दोन रात्री आम्ही भांडलो. धाकट्याचे म्हणणे की हे फुकटचे सॉफ्टवेअरच बिघडलेले आहे, बाकी सगळे पास आहे तर हे सोडून दे. थोरली म्हणे, जी मोटर जळाली ती याच एका कारणाने जळाली, हीच चाचणी सोडायची? आवाज वाढला तेव्हा आई म्हणाली, आधी जेवून घ्या.

तिसऱ्या रात्री आम्ही जीडीबी लावला. हे चूक शोधायचे अवजार. ज्या ओळीवर शंका असेल तिथे थांब म्हणून सांगता येते, आणि थांबल्यावर प्रत्येक खणात काय आकडा आहे ते पाहता येते. मोटर किती वेळ कोरडी चालू द्यायची ती मर्यादा आम्ही लिहिली होती साठ गुणिले एक हजार, कारण चिप वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजते. म्हणजे साठ हजार हवे. खणात होते ४२९४९६१७६०.

आम्ही तो आकडा वहीत उतरवून घेतला. मग उलगडा झाला. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ झाला की पुढे शून्यावर येतो ना, तसेच हे. पीसीवर साधी पूर्णसंख्या ३२ बिटांची असते, दोनशे कोटींच्या वर जाते. या चिपवर ती १६ बिटांची असते, तिची मर्यादा ३२७६७. साठ आणि हजार दोन्ही त्यात मावतात, पण त्यांचा गुणाकार मावत नाही. तो पलटी खाऊन उणे ५५३६ होतो. आणि हा उणे आकडा आम्ही ज्या मोठ्या खणात ठेवला त्याला उणे माहीतच नाही, म्हणून तो झाला चारशे एकोणतीस कोटी. सेकंदाच्या हजाराव्या भागांचे दिवस केले तर एकोणपन्नास दिवसांहून जास्त! एक मिनिटात थांबायची मोटर सव्वा महिना उलटून गेल्यावरही कोरडी फिरत राहिली असती. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत जळून गेली असती, आणि या वेळी पॅनलवर नाव आमचे असते, शब्द आबांचा.

दुरुस्ती केवढी? साठच्या पुढे दोन अक्षरे लावायची, म्हणजे चिप सुरुवातीपासून मोठ्या खणात गुणाकार करते. दोन अक्षरे. आणि जास्त लागले ते पुढेच. चिपचा कंपायलर ही चूक आपणहून सांगतो! आम्ही जे आर्डुइनोचे सॉफ्टवेअर वापरत होतो त्यात इशारे दाखवायचे की नाही याची एक सेटिंग असते, आणि ती मुळात बंद असते. ती चालू केली तर पहिल्याच कंपाइलला त्याने त्या ओळीकडे बोट दाखवले. दोन रात्रींचे भांडण फुकट गेले म्हणायचे.

अशी चूक आमच्यासारख्यांचीच होते असे नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुटल्यावर चाळीस सेकंदांच्या आसपास आकाशात फुटले. कारण, एक मोठा आकडा १६ बिटांच्या खणात घालायला गेले आणि तो मावला नाही. तो भाग आधीच्या एरियान ४ वर नीट चालत होता, म्हणून तसाच उचललेला. चौकशीत असे आढळले की त्या यंत्रणेला नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे देऊन जमिनीवर चाचणी घेतलेलीच नव्हती. घेतली असती तर चूक जमिनीवरच सापडली असती. आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे त्यांच्या टाकीतबी पाणी नाचत नव्हतं."

एकोणपन्नास दिवसांवरून आणखी एक गोष्ट तपासली. चिपचे घड्याळ साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येते. त्या क्षणी मोटर चालू असली तर? खोट्या चिपवर तेवढे दिवस थांबणे शक्य नव्हते, म्हणून जीडीबीने घड्याळच पुढे सरकवून शून्याच्या अलीकडे अर्ध्या मिनिटावर आणले आणि पाहिले. ते बरोबर निघाले. ती अठ्ठावीस नंबर.

जूनमध्ये दुकाने उघडली. तपकीर गल्लीतून रिले, फ्लो स्विच, पॉवर सप्लाय आणला, धाकट्याच्या खणातला बोर्ड सुटला, मोटर रिवाइंड होऊन आली. पॅनल धाकट्याने असे वायर केले की पाहत राहावे. सोसायटीत पहिल्यांदा चालू केले तेव्हा कमिटीचे तिघे तोंडाला मास्क लावून लांब उभे, आबा मोटरीला कान लावून. मोटर उठली, पाणी चढले, टाकी भरली, मोटर बंद झाली.

आणि त्याच क्षणी बोर्डही बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

पुन्हा लावले, पुन्हा तेच. कॉन्टॅक्टर सुटला की बोर्ड दचकून शून्यापासून उठायचा. हे पीसीवर कधी दिसले नव्हते आणि दिसणारही नव्हते, कारण आमच्या खोट्या दुनियेत कॉन्टॅक्टरची कॉइलच नव्हती. कॉइलची वीज तोडली की ती जाता जाता जोराचा झटका मारते, तो तारांतून बोर्डापर्यंत पोहोचतो. हे धाकट्याच्या प्रांतातले. त्याने कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावली, बोर्डाच्या तारा मोटरीच्या तारांपासून वेगळ्या काढल्या, आणि झटका थांबला. पण त्याआधी जी सहा-सात वेळा बोर्ड दचकून उठला, त्या प्रत्येक वेळी त्याने मोटर बंद ठेवली आणि दहा मिनिटे वाट पाहिली. कमिटीतल्या एकाने विचारले, हे थांबलंय का? आबा म्हणाले, "मीबी थांबायचो."

नोकरीचे म्हणाल, तर त्याची गोष्ट सरळ नाही. कमिटीने सामानाचे पैसे दिले, मजुरीचे नंतर देतो म्हणाली आणि निम्मे दिले. आबांना देखभालीला ठेवले, पण पगार साडेसातवरून साडेतीन हजारांवर आणला, कारण आता पहाटे यायची गरज नव्हती. आम्हाला वाईट वाटले. आमच्याच हाताने केले असे बरेच दिवस वाटत राहिले. बाजारातले पॅनल आले असते तर तेही गेले असते, हे स्वतःला सांगून समाधान होत नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन सोसायट्यांनी आमच्याकडूनच पॅनल करून घेतले. त्या कामाला आबा सोबत होते. आम्ही लॅपटॉप उघडायच्या आधी ते गच्चीवर जातात, टाकीचे झाकण काढतात, आत वाकून बघतात, मग खाली येऊन मोटर लावायला सांगतात आणि डोळे मिटून ऐकतात. मजुरीत त्यांचा तिसरा हिस्सा. फाइलचे नाव त्यांना नातीने वाचून दाखवले, तेव्हा "माझ्या नावावर लबाडी चालवता होय!" एवढेच म्हणाले.

बोर्ड आता घरात चार-पाच पडलेले असतात. तरी नवा प्रोग्राम आम्ही आधी पीसीवरच चालवतो, मग खोट्या चिपवर, आणि शेवटी केबल लावतो. परवा आबा एका जुन्या बिल्डिंगमधून आले ते पायऱ्या चढतानाच सांगू लागले. तिथे कोणीतरी टाकीत बादली सोडायला दोरी बांधून ठेवली होती. ती दोरी फ्लोटला गुंडाळली गेली आणि पाणी खाली गेले तरी फ्लोट वरच टांगून राहिला. टाकी रिकामी, आणि यंत्र म्हणते भरलेली आहे.

"हे आहे का तुमच्यात?" त्यांनी विचारले.

नव्हते. एकतीस नंबर म्हणून त्याच रात्री लिहायला घेतले.